आधी फायली, मग भाचा

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचा, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोज टेन आहे. मी घरून भाषांतराचं काम करते. सकाळी लॅपटॉप सुरू करून ठेवते आणि अंघोळ उरकून येते, तोवर तो कसाबसा जागा झालेला असतो. विंडोज इलेव्हन घ्यायला गेले तर 'हा पीसी पात्र नाही' असं उत्तर मिळालं. नवरा म्हणतो, आता पुरे झालं, चांगला पातळसा नवा घे. भाचा म्हणतो, मावशी, मी विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो, तासाभराचं काम आहे, सगळं फुकट आणि व्हायरसची भीती नाही. माझ्याकडे पंधरा वर्षांच्या फायली आहेत. त्यातल्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. ग्राहक वर्डच्या फायली पाठवतात, त्यांत ट्रॅक चेंजेस, म्हणजे कुणी काय बदललं त्याच्या खुणा, असतात. बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते. दोघंही मला रोज काहीतरी समजावून सांगतात. मला फक्त काम करायचंय.
– कात्रीत सापडलेली

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. लॅपटॉपवरून जी भांडणं होतात ती बहुतेक ज्यांना त्यावर काही काम उरकायचं नसतं त्यांच्यातच होतात. हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी भाच्याच्याच जातकुळीतला आहे. वीसेक वर्षं लिनक्स वापरतोय, स्क्रू ड्रायव्हरचा संच दप्तरात असतो, आणि कुणाचा लॅपटॉप कुरकुरताना दिसला की माझे हात शिवशिवतात. तेव्हा माझा सल्ला ऐकण्याआधी माझा एक गुन्हा ऐका.

वहिनी दोन दिवस बाहेरगावी गेल्या होत्या. त्यांचा लॅपटॉप तुमच्यासारखाच रडतखडत चालायचा. मी ठरवलं, येतील तेव्हा चकित करू. डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स, ब्राउझरमधले बुकमार्क, सगळं काढून ठेवलं, डिस्क पुसली, लिनक्स चढवलं, वर एक सुरेख डोंगराचा वॉलपेपर. वहिनी आल्या, झाकण उघडलं, थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?" स्टिकी नोट्स. दोन वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. विंडोज त्या चिठ्ठ्या ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, आत-आत कुठेतरी, एका डेटाबेस फायलीत ठेवतं. डॉक्युमेंट्स कॉपी केलं म्हणजे त्या येत नाहीत. मला हे तेव्हा ठाऊक होतं का? होतं. लक्षात आलं का? नाही. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती एक वही काढली आणि आठवतील ते फोन नंबर लिहायला बसल्या.

म्हणून तुमच्या भाच्याचं 'तासाभराचं काम' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. लिनक्स चढवायला खरंच अर्धा-पाऊण तास लागतो. माणूस चढवायला लागतात दोन महिने. त्याचा सल्ला चुकीचा नाही, क्रम चुकीचा आहे. माझं सगळं म्हणणं या क्रमाबद्दलच आहे.

आधी घाबरण्याचं कारण किती आहे ते बघू. विंडोज टेनचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी तुमच्या लॅपटॉपमध्ये काही मोडलं नाही. थांबली ती सुरक्षेची नवी ठिगळं. यापुढे विंडोज टेनमध्ये एखादं भोक सापडलं तर ते बुजवलं जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण तो लहान नाही. तुम्ही दिवसभर अनोळखी ग्राहकांच्या जोडफायली उघडता. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या वाढीव अपडेटची योजना जाहीर केली होती. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर तिची नोंदणी दिसत असेल तर आजच करून टाका. विचार करायला वेळ मिळेल.

'पात्र नाही' हे शब्द मात्र मनाला लावून घेऊ नका. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुमचा सहाव्या पिढीचा. तो भाषांतराला कमी पडतो म्हणून बाद झालेला नाही, यादीत नाव नाही म्हणून बाद झालाय. ही तपासणी चुकवून इलेव्हन चढवायच्या युक्त्या आहेत आणि भाचा त्याही सुचवेल. ज्या यंत्रावर रोजचं काम अवलंबून आहे त्यावर नको. पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला ते अडून बसलं तर वाद घालायला कुणाकडे जाणार?

आता तुमचं खरं दुखणं. तुम्ही ज्याला लॅपटॉप म्हातारा होणं म्हणताय, ते नव्वद टक्के त्या हार्ड डिस्कचं काम आहे. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट, आणि त्याआधी ती सुई योग्य जागी सरकायला तेवढाच किंवा जास्त वेळ. हिशेब केला तर असे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला सत्तर-ऐंशीच गोळा करू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. एसएसडी ही चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तीच मागणी ती सेकंदाला हजारोंच्या, चांगली असेल तर दहा-वीस हजारांच्या हिशेबाने पुरवते. तुमच्या अंघोळीच्या वेळेचं गणित एवढंच आहे. लिनक्स त्याच डिस्कवर टाकलं तर थोडा फरक पडेल. एसएसडी टाकली तर विंडोज असो की लिनक्स, तुम्हाला नवा लॅपटॉप घेतल्यासारखं वाटेल.

तेव्हा पहिला खर्च हा. तुमच्या वयाच्या, हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी चालते. जुनी काढायची, तिच्याच जागी नवी सरकवायची. चार जीबी रॅमही आजच्या ब्राउझरला अपुरी आहे, मग सिस्टिम कुठलीही असो. आठ करता आली तर करा. पण सहाव्या पिढीच्या यंत्रांत डीडीआर-थ्री-एल आणि डीडीआर-फोर अशा दोन्ही जातींची रॅम आढळते आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. आत काय आहे ते बघून मगच घ्या.

खालचं झाकण भाचा उघडणारच, तर त्याला एवढं सांगा. उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. स्क्रू सगळे सारखे नसतात. बिजागरीजवळचे लांब, पुढच्या कडेचे आखूड, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो थेट तळहाताखालच्या प्लास्टिकला फोड आणतो. म्हणून कागदावर लॅपटॉपचा आयत काढायचा आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्या जागी कागदात टोचून ठेवायचा. स्क्रू निघाले तरी झाकण कडेच्या खटक्यांवर अडकलेलं असतं. तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही, एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड कडेने फिरवायचं. आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवायची, मग बाकीचं. आणि बॅटरीकडे नीट बघायचं. ती फुगलेली असेल, किंवा टचपॅड अलीकडे वर आल्यासारखा, दाबायला कडक झालेला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बदलायची. फुगलेल्या लिथियमच्या बॅटरीला टोचणं, दाबणं, 'थोडे दिवस चालवू' म्हणणं, काहीच नको.

नाही फुगली, तरी चाळीस मिनिटांची बॅटरी बदलण्याजोगीच आहे. लिथियम-आयनच्या बॅटरीची क्षमता चार्जिंगच्या तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांत लक्षणीय घसरते. त्यातून ती सतत शंभर टक्क्यांवर, गरम लॅपटॉपात, चार्जरला टांगलेली असेल तर आणखी लवकर. नवी बसवल्यावर तुमच्या लॅपटॉपात सोय असेल तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा. तुम्ही टेबलावर बसूनच काम करता, वरच्या वीस टक्क्यांनी तुमचं काही अडत नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मदरबोर्ड कुरकुरत असेल, बिजागरी तुटली असेल, किंवा तुमच्या मॉडेलची बॅटरी मिळतच नसेल, तर नवा घेणं शहाणपणाचं. माझी हरकत त्यांच्या 'पातळसा' या शब्दावर आहे.

१९८१ साली ऑस्बोर्न-वन नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक बाजारात आला. वजन साधारण अकरा किलो, पडदा पाच इंची, आत बॅटरी नाहीच. उचलायचा म्हणजे शिवणयंत्र उचलल्यासारखा. तिथपासून वजन कमी करणं हे खरोखर गरजेचं काम होतं. पण जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला आणि पातळपणाचं वेड सगळ्या धंद्याला लागलं. त्या पहिल्या एअरची दोन जीबी रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती. घेताना जेवढी घेतली तेवढीच, शेवटपर्यंत. आज बहुतेक पातळ लॅपटॉप त्याच वाटेने जातात. रॅमच्या नावात 'एलपीडीडीआर' दिसलं की ती बहुधा बोर्डाला चिकटलेली समजायची. तुमचा हा 'जाडा' लॅपटॉप आज दुरुस्त होऊ शकतोय तो त्याच्या जाडीमुळेच. नवा पातळ घेतलात तर २०३५ साली मला हेच पत्र पुन्हा लिहाल आणि तेव्हा माझ्याकडे उघडायला झाकण नसेल.

नवा घ्यायचाच झाला तर कार्यालयीन वापराच्या मालिकांकडे बघा. त्या दिसायला रुक्ष असतात, पण कंपन्या त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका काढतात, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात, आणि कीबोर्ड टाइप करणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. भाषांतरकाराने कीबोर्डावर तडजोड करू नये, पडद्यावर केली तरी चालेल. तीन-चार वर्षं वापरलेला तसा लॅपटॉप कित्येकदा नव्या चकचकीतपेक्षा बरा निघतो. मुळात उघडता यावा म्हणूनच बनवलेले लॅपटॉपही आहेत. फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये असा पहिला विकायला काढला. त्यात जोडण्यांची बिळंसुद्धा बदलता येतात आणि दोन-तीन वर्षांनी नवा मदरबोर्ड जुन्याच खोक्यात बसवता येतो. माझ्या मनात तो बऱ्याच दिवसांपासून घर करून आहे, पण सध्याचा मोडत नाही तोवर काय करणार!

आता भाच्याचा 'फुकट'. या शब्दाने ओपन सोर्सचं, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा प्रोग्रामांचं, जेवढं नुकसान केलंय तेवढं शत्रूंनीही केलं नसेल. रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रामर अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा तिथला नवा लेझर प्रिंटर वरचेवर अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी बदलून घेतला होता, कागद अडकला की तो वाट बघणाऱ्या सगळ्यांना निरोप द्यायचा. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मिळेना, त्यामुळे तीच साधी दुरुस्ती करता येईना. पैशाचा प्रश्न तिथे नव्हताच, प्रश्न झाकण उघडू देण्याचा होता. १९८३ मध्ये त्यांनी सगळ्यांना उघडता येईल अशी सिस्टिम बनवायचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लायनस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने स्वतःपुरता लिहायला घेतलेला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला येऊन मिळाला. तोच लिनक्स. 'ओपन सोर्स' हे नाव तर १९९८ चं. तुमच्या लॅपटॉपचं खालचं झाकण आणि प्रोग्रामचा सोर्स कोड, माझ्या लेखी ही एकच गोष्ट आहे. तुम्ही स्वतः उघडणार नाही, हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या कुणाला उघडता येतं, म्हणून तर तुमच्या लॅपटॉपला कंपनीने टाकून दिल्यावरही डॉक्टर मिळतो.

'व्हायरसची भीती नाही' हे मात्र भाच्याने म्हणू नये. घरगुती लिनक्सवर तसा उपद्रव कमी असतो, खरं. पण सोर्स उघडा आहे म्हणजे कुणीतरी तो वाचतंयच, असं नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची चूक २०१२ पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये. आणि मार्च २०२४ ची एक्सझेडची गोष्ट तर कधीतरी भाच्याकडून सविस्तर ऐका. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करायचं एक छोटं साधन, वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्या माणसाने सांभाळलेलं. जिया टॅन असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला, किल्ल्या हातात आल्या आणि मग आत एक चोरदरवाजा बसवला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरच्या यंत्रात शिरायला एरवी जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढं त्यांना खटकलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी चहा... असो, माझ्यासारख्याने ते इंटरनेटच्या माथी मारून सोडून दिलं असतं. ते खोदत गेले आणि २९ मार्चला सगळ्यांना सांगून मोकळे झाले. कोड उघडा होता म्हणून चोर आत शिरला आणि कोड उघडा होता म्हणूनच बाहेरच्या माणसाला त्याचा माग काढता आला. माझा भरवसा या व्यवस्थेवर आहेच, पण तो भाबडा नाही. अपडेट लिनक्सवरही करावे लागतात.

आता तुमच्या फायलींकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण त्या दोघांनीही त्यांचा विचार केलेला दिसत नाही.

युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या फायली म्हणजे काय, हे भाच्याला बहुधा माहीत नसेल. त्याच्या पिढीने त्या पाहिलेल्याच नाहीत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो. त्या फायलीत मात्र 'क' हा क नसतोच, इंग्रजीचं एखादं अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फाँट त्याच्यावर क चं चित्र चढवतो. फाँट गेला की मागे उरतो नुसता कचरा. फाँटची फाइल लिनक्सवर नेली तर मजकूर बहुधा दिसेल, पण तो टाइप करायचं जे साधन तुम्ही वापरत होतात ते विंडोजचं असतं. शिवाय शोधलं तर सापडणार नाही, दुसरीकडे चिकटवता येणार नाही. तेव्हा विंडोज अजून चालू आहे, फाँट जागेवर आहेत, तोवर या फायली युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं आहेत. ती रफार, जोडाक्षरं आणि वेलांट्या यांत चुका करतात, त्यामुळे महत्त्वाच्या फायली डोळ्यांखालून घालाव्या लागतील. बाकीच्या फायलींची निदान पीडीएफ काढून ठेवा. लिनक्स घ्या, नवा लॅपटॉप घ्या, काहीच घेऊ नका, हे काम तुम्हाला करायचंच आहे. पंधरा वर्षांचं काम एका फाँटच्या भरवशावर टांगलेलं आहे, आणि हा धोका विंडोज टेनपेक्षा कितीतरी मोठा आहे.

वर्डच्या फायली लिब्रेऑफिस या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये उघडतात, ट्रॅक चेंजेस दिसतात, स्वीकारता-नाकारता येतात, परत पाठवल्यावर ग्राहकालाही दिसतात. बिघडते ती मांडणी, आणि तिचं कारण बहुतेक वेळा फाँट. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फाँट लिनक्सवर नसतात, पण त्यांच्या मापाला माप जुळणारे कार्लिटो आणि कॅलाडिया मिळतात. ते असले की ओळी जागच्या जागी राहतात. मराठीसाठी अशी जुळणी नाही. मंगल फाँटमधली फाइल लिनक्सवर नोटो किंवा लोहितमध्ये दिसेल, अक्षरांची रुंदी वेगळी, म्हणून नऊ पानांची फाइल साडेनऊ पानांची होईल. ग्राहकाला मजकूर हवा असेल तर हे क्षुल्लक आहे. पानं मांडून हवी असतील तर तुम्ही आणि ग्राहकाने मिळून नोटोसारखा सगळीकडे मिळणारा फाँट ठरवून घ्या. टायपिंगची चिंता नको, इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक तिथेही आहे. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करत असाल तर त्याच्याही सोयी आहेत, पण बोटांना काही दिवस चकवा बसेल.

तुम्ही भाषांतराचं कुठलं साधन वापरता ते लिहिलेलं नाही. ट्रॅडॉसचा डेस्कटॉप प्रोग्राम वापरत असाल तर तो विंडोजचाच आहे, आणि मग ही चर्चा इथेच थांबवून यजमानांचं ऐका. काहीच वापरत नसाल तर ओमेगाटी बघा. ओपन सोर्स आहे, विंडोजवरही चालतं, आणि तुम्ही आधी केलेली वाक्यं आठवणीत ठेवतं. त्याचा साठा टीएमएक्स या सामाईक स्वरूपात असतो, त्यामुळे उद्या दुसऱ्या साधनाकडे गेलात तरी तो सोबत येतो.

तर क्रम असा. या महिन्यात लिनक्सचं नाव काढायचं नाही. आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स घ्या, मेल एखाद्या प्रोग्राममधून बघत असाल तर थंडरबर्डही. रोजचं काम त्यांत करा. वर्ड काढून टाकू नका, अडलं की उघडा, पण प्रत्येक वेळी का उघडावं लागलं ते एका वहीत लिहा. महिनाअखेर त्या वहीत तीन ओळी असतील तर लिनक्स तुम्हाला सोसेल. तीन पानं असतील तर नाही सोसणार, आणि त्यात कमीपणा काही नाही. बहुतेक लोकांना त्रास होतो तो एकाच दिवशी सगळं बदलल्याचा. वर्ड नाही, क्रोम नाही, स्टार्ट मेनू नाही, प्रिंटर रुसलेला. निम्मी सवय आधी लावून घेतली की सिस्टिम बदलल्याचं फारसं जाणवत नाही.

मग एका निवांत दिवशी भाच्याने लिनक्स मिंट हा लिनक्सचा अवतार पेन ड्राइव्हवर घेऊन यावं. ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही. नवख्या माणसाला मी मिंटच सुचवतो. स्टार्ट मेनू डाव्या कोपऱ्यात, खिडक्या ओळखीच्या, आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर-स्कॅनर ओळखतो का, व्हिडिओ कॉलला कॅमेरा चालतो का, हे तुम्ही तपासा, भाच्याने नाही. आणि झाकण बंद करून दहा मिनिटांनी उघडा. लिनक्सवर लॅपटॉप झोपतो, पण कधीकधी उठत नाही, किंवा उठतो पण वाय-फाय झोपलेलंच राहतं. ही लिनक्सची जुनी खोड आहे आणि माझ्यासारखे लोक तिच्याबद्दल मुद्दाम बोलत नाहीत.

हे सगळं जमलं, तर शेवटची पायरी. डिस्क पुसायची नाही. नवी एसएसडी आणलीच आहे, लिनक्स तिच्यावर चढवायचं. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट, चिठ्ठ्यांसकट, जशीच्या तशी काढून ठेवायची. काढण्याआधी शिफ्ट दाबून शटडाउन करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट डुलकी घेतं आणि लिनक्स त्या डिस्कवर काही लिहू देत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून घ्या. मग ती डिस्क यूएसबीच्या डबीत घातली की जुनी फाइल हवी तेव्हा मिळते, आणि लिनक्सशी अजिबात पटलं नाही तर चार स्क्रू काढून तुम्ही होता तिथे परत जाता. वहिनींच्या बाबतीत मी एवढं केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण ही डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. कामाच्या फायलींची वेगळी प्रत आधीच काढलेली असली पाहिजे, दहा वर्षं फिरलेल्या डिस्कचा भरवसा किती धरायचा?

भाच्याला बसवा तुमच्या शेजारी, कीबोर्ड मात्र तुमच्या हातात. तो 'एक मिनिट, मी करतो' म्हणाला की त्याला चार्जर धरायला द्या.

पुढच्या पत्रात लॅपटॉपचा मॉडेल नंबर कळवा, खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो, पुसट झाला असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. रॅम कुठली घ्यायची ते तेवढ्यावरून सांगतो.